परदेशांतील बिऱ्हाड

परदेशीं नोकरी असलेल्या मुलाचें लग्न झालें, दोघें विमानांत बसलीं, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळ आईबापांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. खरी कसोटी तेथें बिऱ्हाड थाटल्यावर लागते. नवऱ्यास कचेरी असते, सोबती असतात. बायको मात्र पुष्कळदां चार भिंतींच्या आंत दिवस मोजीत बसते.

या बाबतींत एका जुन्या जोडप्याचें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जॉन विल्सन व मार्गारेटबाई हीं दोघें १८२८ सालीं विवाह होतांच स्कॉटलंडाहून निघालीं व १८२९ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरलीं. येथील इंग्रजांच्या मेळाव्यांत राहणें सोपें होतें. परंतु मराठी शिकण्यासाठीं तीं कोंकणांत हर्णै येथें जाऊन राहिलीं. विशेष हें कीं, भाषा एकटे विल्सनसाहेबच शिकले नाहींत, मार्गारेटबाईही शिकल्या. म्हणूनच पुढें त्यांस मुंबईंत मुलींच्या शाळा चालवितां आल्या. १८३५ सालीं त्या येथेंच वारल्या; विल्सनसाहेबही १८७५ सालीं मुंबईसच निधन पावले.

आज घरच्या माणसांचे चेहरे रोज फोनवर दिसतात. सोय मोठीच, पण तिच्यामुळें दाराशेजारच्या माणसाची ओळख करून घेणें राहून जातें. म्हणून पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, लेकीच्या वा सुनेच्या पेटींत लोणच्याच्या बरणीशेजारीं त्या देशाच्या भाषेचें पुस्तक अवश्य ठेवावें. आणि मुलास बजावावें कीं, संध्याकाळीं तें दोघांनीं मिळून वाचावयाचें आहे.