रमाबाईंचा श्रमधर्म

पंडिता रमाबाईंचे नाव पुरोगामी व्यासपीठावरून घेतले जाते तेव्हा ते बहुधा १८८९ सालापाशी येऊन थांबते. ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणाऱ्या, हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिकांची व स्त्री-डॉक्टरांची मागणी मांडणाऱ्या, उच्चवर्णीय विधवेची दैना इंग्रजी ग्रंथातून जगापुढे ठेवणाऱ्या आणि मुंबईत शारदा सदन उघडणाऱ्या रमाबाई चळवळीला हव्या असतात. केडगावच्या रमाबाई मात्र तिला अवघडल्यासारखे करतात. त्या ख्रिस्ती, त्यांना मिशनच्या स्वाधीन करून चळवळ मोकळी होते. उलट भाविक चरित्रकारांनी त्यांच्याभोवती प्रार्थनेचे व ईश्वरी कृपेचे असे दाट वलय उभारले की त्यात हाडामांसाची बाई दिसेनाशी झाली. ही वाटणी दोन्ही पक्षांना सोयीची असली तरी सत्याला धरून नाही. ख्रिस्तावरील श्रद्धेला रमाबाईंनी केडगावात जे रोजचे रूप दिले, ते समाजवादी कार्यकर्त्याने बारकाईने पाहावे असे आहे. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि झोंबणारा एक प्रश्नही आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले, त्यापायी धर्ममार्तंडांचा रोष पत्करला, आणि पुढे सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून हिंडू लागले. १८७० च्या दशकातील दक्षिणेच्या दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. बंधू श्रीनिवास आणि रमा एवढीच दोघे उरली. हा प्रसंग करुणकथा म्हणून अनेकांनी सांगितला आहे. रमाबाईंनी स्वतः मात्र त्याकडे कोरड्या आणि निष्ठुर नजरेने पाहिले. दुष्काळाच्या आठवणी त्यांनी पुढे लिहिल्या. देवाधर्मावर होते नव्हते ते सारे कसे खर्ची पडले याची हकिगत त्यांत आहे, आणि त्याहून बोचरी एक नोंद आहे. अंगमेहनतीचे कोणतेही काम या विद्वान कुटुंबाला येत नव्हते, आणि काम करणे काय किंवा हात पसरणे काय, दोन्ही कुळाच्या अभिमानाला न सोसणारे होते. ज्यांना हजारो श्लोक मुखोद्गत, त्यांना चार पैसे मिळवून देणारे एकही काम ठाऊक नसावे, आणि हे अज्ञान प्रतिष्ठेचे लक्षण मानले जावे! वर्णव्यवस्थेने श्रम करणाऱ्याला तुडविले हे सर्वजण सांगतात. श्रम न करणाऱ्यालाही तिने अखेरीस कसे मारले, हे रमाबाईंनी आपल्या घरात पाहिले. केडगावचा पाया या अनुभवात आहे.

१८८० साली त्यांनी जातीबाहेर नोंदणी पद्धतीने विवाह केला, १८८२ मध्ये वैधव्य आले, १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब उडाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली, ही गोष्ट त्या गहजबाच्या हकिगतीत हटकून वगळली जाते. पण बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईशी चर्चचेही फारसे जमले नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, लॅटिन ही संस्कृतहून अधिक पवित्र कधी झाली, असे त्या विचारीत. मांसाहाराला त्यांनी नकार दिला, तेव्हा तो जातीचा शिल्लक राहिलेला ताठा ठरविण्यात आला. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका घेतल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याचा निकाल बिशप मंडळी देऊ लागली, तेव्हा आपल्या सदसद्विवेकाची किल्ली आपण कोणाच्याही हाती दिलेली नाही, अशा आशयाची उत्तरे त्यांनी आपल्या धर्मगुरुभगिनीला पत्रांतून पाठविली. ब्राह्मण पुरोहिताचे जोखड फेकून गोऱ्या पुरोहिताचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. ग्रंथ आणि ख्रिस्त त्यांनी स्वीकारला. मधले दलाल नाकारले.

शारदा सदनाचा इतिहास सर्वांना परिचित आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ते सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्यास आले. धर्मशिक्षणाची सक्ती नाही अशी ग्वाही होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. मुली येऊन बसत. या उघड्या दारावरून १८९३ साली वादळ उठले. ‘केसरी’ने तोफ डागली, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हे होत असता त्याच सदनात ब्राह्मण मुलींचे सोवळेओवळे सांभाळणारे स्वयंपाकघरही चालू होते, हे विशेष. उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेली संस्था उच्चवर्णीय मर्यादेतच राहिली होती. ती मर्यादा व्याख्यानांनी मोडली नाही. दुष्काळाने मोडली.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर व गरीबखान्यांत त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन त्यांनी स्पष्ट शब्दांत केले आहे: उपाशी पोरी, आणि त्यांच्यावर नजर ठेवून असलेले मुकादम, रखवालदार व दलाल. वीस वर्षांपूर्वीची आपलीच भूक त्यांना भेटली होती. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. या वेळी जात विचारली गेली नाही. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून दौंडच्या वाटेवरील केडगावी घेतलेल्या शेतावर तंबू व छपरे उभारून व्यवस्था लावावी लागली. पुढे गुजरातचा छप्पन्नचा दुष्काळ आला आणि १९०० च्या सुमारास मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे रोजचे दळणकांडण, रोजचे पाणी, रोजचे धुणे म्हणजे काय याची कल्पना ज्याने शिबिराचा भटारखाना चार दिवस तरी चालविला आहे त्यालाच येईल. केडगावात नोकरांची फौज नव्हती. शेती, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, शिवणकाम, धोबीखाना, छापखाना अशी एकेक शाखा निघाली आणि ती बायकांनी चालविली. शारदा सदनातील आधीच्या मुलींवर, त्यांत ब्राह्मण विधवा आल्याच, नव्याने आलेल्या मुलींच्या देखभालीची जबाबदारी पडली. अंगावर फोड, डोक्यात उवा, पोटात दुष्काळाचे रोग अशा अवस्थेतल्या मुलींना न्हाऊमाखू घालणे, भरविणे, त्यांची घाण काढणे हा त्यांचा दिनक्रम झाला. ज्या हातांना शिवाशिवीची भीती शिकविली गेली होती त्या हातांकडून हे काम झाले. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकविले. समाजाने ‘पतित’ म्हणून हाकललेल्या स्त्रियांसाठी वेगळे कृपा सदन निघाले. शिळाप्रेस आणि खिळे हाताळणारी, कागद मोडणारी, पुस्तके बांधणारी बाई ही त्या काळच्या महाराष्ट्रात दुर्मीळ. केडगावात अशा स्त्रियांचा छापखाना होता.

श्रद्धा आणि चारित्र्य यांचा संबंध प्रवचनांत फार सोपा करून सांगितला जातो. चारित्र्य म्हणजे संयम, सत्यवचन, निर्व्यसनीपणा. केडगावात त्याचा अर्थ अधिक अवघड होता. प्रभूचे नाव घेणाऱ्या बाईने जात्यावर बसले पाहिजे आणि दुसऱ्याच्या मुलीच्या डोक्यातल्या उवा काढल्या पाहिजेत. नाझरेथच्या सुताराचा धर्म म्हणून जो सांगितला जातो, तो सोवळ्याच्या आणि साहेबी अशा दोन्ही वळणांतून सोडवून रमाबाईंनी पुन्हा हातकामाला जोडला. समाजवादी चळवळीत श्रमप्रतिष्ठेवर भाषणे कमी झालेली नाहीत. कार्यालयातला चहाचा पेला कोण विसळतो, आणि शिबिरात भाजी चिरायला कोणाला बसविले जाते, याची नोंद मात्र कोणत्याच अहवालात सापडत नाही.

परक्या सत्तेशी असलेले नातेही याच कसोटीवर तपासता येते. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणजे राज्यकर्त्यांच्या झाल्या, हा आरोप तेव्हा होता आणि आजही कुजबुजीत ऐकू येतो. १८९७ साली पुण्यात रँडच्या कारभाराखाली प्लेगचा बंदोबस्त चालू असता सरकारी इस्पितळात व विलगीकरण छावणीत स्त्रियांची होणारी विटंबना रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. त्यांच्याच आश्रयाला असलेल्या एका मुलीचा त्यात संबंध होता. गोखल्यांनी इंग्लंडात सरकारवर आरोप केले तेव्हा या पत्राचाही आधार होता. पुढे गोखल्यांना माफी मागावी लागली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पुण्यातील कडव्या राष्ट्रवाद्यांनी ज्या बाईला परधर्माची हस्तक ठरविले होते, ती ख्रिस्ती सरकारला ख्रिस्ती वृत्तपत्रातून जाब विचारीत होती.

आता तो झोंबणारा प्रश्न. शारदा सदनात दार उघडे होते, सक्ती नव्हती. १८९८ नंतर अमेरिकेतील साहाय्यक मंडळाची पुनर्रचना झाली आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था बनली. शेकडो मुलींचे बाप्तिस्मे झाले. १९०५ साली तेथे धार्मिक भावनेची मोठी लाट उसळली. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करीत. ज्या बाईने आपल्या सदसद्विवेकावर बिशपाचाही अधिकार चालू दिला नाही, तिच्या छपराखाली, तिच्या अन्नावर जगणाऱ्या दोन हजार अनाथ मुलींना ‘नाही’ म्हणण्याची कितीशी मुभा होती? रमाबाईंनी जबरदस्ती केली असे म्हणण्यास आधार नाही. पण जबरदस्ती नसणे आणि मोकळीक असणे यांत अंतर आहे. भुकेतून उचलून आणलेल्या दहा वर्षांच्या पोरीला, जिने उचलले तिचा देव खरा वाटणार, यात नवल ते काय? रमाबाईंचे भक्त या प्रश्नाला बगल देतात. त्याने रमाबाईंचा मान वाढत नाही.

या प्रश्नाचे दुसरे टोक आज कायद्याच्या हाती आहे. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरावर बंधने घालणारे कायदे केले, आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तोच कित्ता अधिक कडक शाईने गिरविला. प्रलोभन झाले की नाही हे फौजदाराने ठरवायचे! ज्या सरकारच्या दुष्काळी कामांवर मुली विकल्या जाण्याच्या बेतात होत्या त्या सरकारने, त्यांना भाकरी देणाऱ्या बाईचा हेतू तपासावा, अशातला हा प्रकार आहे. भाकरी कोणाच्या दयेवर अवलंबून असली की श्रद्धाही थोडीबहुत गहाण पडते, मग ती भाकरी मिशनची असो, मठाची असो वा निवडणुकीच्या उमेदवाराची. त्यावर उपाय फौजदार नव्हे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो स्त्रियांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, आणि त्या लढ्यांच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्या हजेरीपटावर नाव लावताना बाईला कोणत्याही देवाचे नाव घ्यावे लागत नव्हते. मध्य प्रांतातल्या त्या तीनशे मुलींच्या वाट्याला असे काही असते, तर त्यांच्यापैकी किती जणी केडगावी आल्या असत्या आणि आल्यावर किती जणींनी ख्रिस्त स्वीकारला असता, हे सांगता येत नाही. पण ज्यांनी स्वीकारला असता त्यांच्या श्रद्धेवर संशय घेण्याची सोय कोणालाच उरली नसती.

रमाबाईंच्या शेवटच्या काळातील मोठे काम म्हणजे पवित्र शास्त्राचे भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. मिशनऱ्यांचे प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, दळण दळणाऱ्या बाईला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार. आणि ती करणारी बाई संस्कृतची पंडिता! हे भाषांतर रसाळ उतरले असे म्हणता येत नाही. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या हट्टाने ते जागोजागी अडखळते. पण त्याची जुळणी व छपाई केडगावच्या बायकांनी केली. मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. ती ख्रिस्ती झाली नाही, आणि आनंदीबाई कर्वे या नावाने तिने ‘माझे पुराण’ या आत्मकथेत सदनातील दिवसांचे चित्र स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले. मुक्तीतील दुष्काळपीडित मुलींच्या साक्षी छापलेल्या मिळतात त्या बहुतांशी संस्थेच्याच इंग्रजी नियतकालिकात, परदेशी देणगीदारांनी वाचाव्यात म्हणून. जात्यावर, मागावर आणि खिळ्यांच्या घरापाशी उभ्या असलेल्या त्या मुली रात्री एकमेकींशी काय बोलत असतील, त्यांना ख्रिस्त आवडत होता की बाई, की दोहोंपेक्षा पोटभर जेवून मिळणारी झोप, हे त्यांच्या मराठीत अद्याप कोणी शोधून काढलेले नाही.