ताट वेगळं करू नका, खिडकी उघडा



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेनंतर मी मुलांचा आरोग्याचा वर्ग घेत होते. विषय होता संसर्गजन्य रोग. आठवी-नववीची मुलं. टीबी कशाने होतो? "जिवाणूमुळे." पसरतो कसा? "हवेतून." उत्तरं धडाधड आली. एका मुलीचं तर सगळं तोंडपाठ होतं. वर्ग सुटल्यावर तीच मुलगी मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, माझ्या आत्याला टीबी झालाय. सासरच्यांनी आणून सोडलंय. आजीने तिचं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय. मी तिच्या ताटात जेवले तर मला पण होईल का?"

पाच मिनिटांपूर्वी "हवेतून" असं उत्तर दिलेल्या मुलीचा हा प्रश्न होता. शाळेतला धडा एका कप्प्यात आणि घरातली भीती दुसऱ्या कप्प्यात. दोघांची कधी गाठच पडलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही गाठ आपण घालून दिली पाहिजे. नाहीतर आपली मुलं विज्ञानात पैकीच्या पैकी मार्क मिळवतील आणि घरी येऊन विटाळच पाळतील.

विटाळ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. चहाच्या टपरीवर आपल्या आजोबांसाठी कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असायची. त्या कपबशीत कुठला जंतू नव्हता, होती ती जात. आज तीच वेगळी कपबशी आपण आपल्याच घरात, आपल्याच लेकीबाळींसमोर ठेवतो आणि तिला काळजी म्हणतो.

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला लिहीत नाही. माझ्या वडिलांना टीबी झाला तेव्हा आईने त्यांच्या पेल्याच्या तळाला नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, तो पेला इतर पेल्यांत मिसळू नये म्हणून. मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. टीबीच्या जंतूवर पानभर उत्तर लिहून पास झालेली मी त्या ठिपक्याबद्दल आईला एक शब्द बोलले नाही. वडील बरे झाले, पण पुढे कित्येक वर्षं ते स्वतःहून तोच पेला शोधून घ्यायचे. ते आठवलं की आजही जेवण गोड लागत नाही.

म्हणून वर्गात मी पहिल्यांदा जंतू शिकवत नाही, विटाळ आणि संसर्ग यातला फरक शिकवते. त्यासाठी महाडचं उदाहरण घेते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. त्यानंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' करायला त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं. मी मुलांना विचारते, माणसांनी ओंजळभर पाणी प्यायल्याने तळ्यात काय गेलं? आणि शेण ओतल्यावर काय गेलं? मुलं हसतात आणि एका क्षणात समजतात. विटाळ मनात असतो, तो जात बघतो. संसर्ग जंतूने होतो, त्याला जात कळत नाही. त्याला फक्त वाट लागते. प्रत्येक रोगाची वाट वेगळी. ती वाट कळली की कुठे बंद करायची तेही कळतं.

टीबीची वाट हवा आहे. रोगी खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा जंतू बारीक थेंबांतून हवेत जातात आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. हे दाखवायला विहारातलीच अगरबत्ती पुरते. दारं-खिडक्या बंद करून कोपऱ्यात एक अगरबत्ती लावायची आणि वास आला की हात वर करायला सांगायचं. थोड्याच वेळात शेवटच्या रांगेतला हातही वर होतो. मग सगळं उघडायचं. वास विरळ होतो. कोणी कोणाच्या ताटाला हात लावला नाही, तरी वास सगळ्यांपर्यंत पोचला. त्या दिवशी मुलांना कळतं की आत्याचं ताट वेगळं करून काहीच साधत नाही. टीबी ताटाने, कपड्याने, हात मिळवल्याने पसरत नाही. उपयोग होतो तो खिडकी उघडण्याचा, खोकताना तोंडावर रुमाल धरण्याचा, सुरुवातीला मास्क लावण्याचा आणि औषध एक दिवसही न चुकवण्याचा. औषध नीट सुरू झालं की साधारणपणे काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस जपावं लागतं.

जुलाब, कावीळ यांची वाट निराळी, ती हात, पाणी आणि अन्नातून जाते. तिथे मी एका मुलाच्या तळहाताला हळद लावते आणि खेळायला सोडते. तासाभरात किती जणांचे हात, पेन्सिली, डबे पिवळे झाले ते मुलं स्वतःच मोजतात. साबणाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा धडा प्रतिकारशक्तीचा. करोनानंतर हा शब्द घरोघरी गेला, पण तो डब्यात आणि बाटलीत विकायची वस्तू होऊन. मुलांना खरं काय ते सांगितलं पाहिजे. आपली कातडी, नाकातला शेंबूड, पोटातलं आम्ल हे पहिले पहारेकरी. त्यांच्यातून जंतू सुटला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गाठतात. त्यातल्या काही पेशी त्याची ओळख लक्षात ठेवतात. लस म्हणजे जंतूने घरात शिरण्याआधीच त्याचा फोटो या पेशींना दाखवून ठेवणं. गोवर तर असा वाईट की तो इतर रोगांची साठवलेली ओळखही पुसून टाकतो, त्यामुळे गोवरातून उठलेलं पोर पुढे कितीतरी दिवस आजारी पडत राहतं. २०२२ साली मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी केंद्रात फुकट मिळते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही गोवर आला की "देवी आली" म्हणून दाराला लिंबाचा पाला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण एवढ्यावर थांबलं तर धडा अर्धाच राहतो. टीबीचा जंतू शरीरात गेलेल्या बहुतेक माणसांना टीबी होत नाही. शरीर जंतूला कोंडून ठेवतं आणि तो झोपून राहतो. शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. मग तो कोणाला होतो? उपाशी राहणाऱ्याला, डायबेटिस किंवा एचआयव्ही असणाऱ्याला, दारू-तंबाखूने पोखरलेल्याला. यात पूर्वजन्मीचं पाप कुठे आलं? झारखंडमधला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. टीबी रुग्णांच्या घरातल्या माणसांना काही महिने जास्तीचं धान्य-डाळ दिली, तर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींच्या पाहणीतही दिसलं की जिथे ऊन-वारा पोचत नाही तिथे टीबी जास्त.

म्हणजे प्रतिकारशक्ती नुसती अंगात नसते, ती ताटात असते आणि भिंतीतही असते. खिडकी उघडा म्हटलं की एखादी बाई मला विचारते, "ताई, आमच्या खोलीला खिडकी आहे कुठे?" तिचं खरं आहे. म्हणून मुलांना हेही शिकवायचं की रोग होणं हा आपला गुन्हा नाही, आणि उजेड, हवा, पाणी, रेशन मागणं हा आपला हक्क आहे. "तुमची वस्तीच घाण" असं म्हणणाऱ्याला आपल्या मुलाने विचारता आलं पाहिजे की गटार कोणी बांधायचं होतं, आणि दोन इमारतींमध्ये जागा कोणी सोडायची होती.

काही पालक म्हणतात, शाळेत शिकवतात की, विहारात कशाला? किंवा, मुलांना रोगाचं सांगून घाबरवू नका. शाळा तक्ता पाठ करून घेते. आत्याच्या ताटाचा प्रश्न शाळेत कोणी विचारत नाही, कारण वर्गात आपल्या घरातला टीबी सांगायची लाज वाटते. विहारात तो विचारता येतो. आणि मूल घाबरतं ते अर्धवट माहितीने.

विहार ही त्यासाठी योग्यच जागा आहे. पोटाच्या दुखण्याने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतःच्या हाताने धुतलं आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा असं संघाला समजावलं. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. संसर्ग खरा असतो हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी माणसाला दूर लोटलं नाही. आज आपल्याकडे औषध आहे, लस आहे. मग आपण का लोटावं?

प्रत्येक विहाराने महिन्यातून एक रविवार यासाठी द्यावा. वस्तीतली एखादी नर्स, आशाताई किंवा विज्ञानाचे शिक्षक बोलवा आणि मुलांसोबत आजी-आयांनाही बसवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असं कोणाला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. तपासणी आणि औषध फुकट आहे. साधा टीबी बहुधा सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात, ते मागून घ्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा आणि लहान मुलांना प्रतिबंधक गोळ्या हव्यात का ते डॉक्टरांना विचारा.

त्या मुलीला मी सांगितलं, आत्याला दाराजवळ, वारा येतो तिथे बसव, तिच्या गोळ्यांची वेळ तू सांभाळ, आणि आजीला अगरबत्तीचा प्रयोग करून दाखव. पुढच्या रविवारी ती आली ती आजीला घेऊनच. आजी काही बोलली नाही. वर्ग संपेपर्यंत बसली आणि जाताना एवढंच विचारलं, "म्हणजे तिला माझ्याजवळ बसवून जेवायला घातलं तर चालेल?"

दार उघडं ठेवून जेवा, आजी. खुशाल जेवा.