एका दाताची किंमत

भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाने शाळेच्या वार्षिक अंकात मोटारसायकलीच्या दातेरी चक्रांविषयी लिहावे, हे पाहून कित्येक पालकांस हसू येईल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रांशी आमचा संबंध सायकलीच्या पंपापलीकडे फारसा गेलेला नाही. तथापि गेल्या पावसाळ्यात आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने जी हकीकत सांगितली, तिने आम्हांस या विषयाकडे ओढले.

हा मुलगा आता कर्ता पुरुष आहे. मोटारसायकलीवर कापडाचे गाठोडे बांधून तो आठवड्याच्या हाटांना जातो. धारहून गुजरी, तेथून आग्रा-मुंबई मार्गाने गणपती घाट उतरून धामणोद, आणि संध्याकाळी तोच घाट चढून परत. त्याच्या गाडीची साखळी झिजली, म्हणून तो नवा चेन-स्प्रॉकेटचा संच बसवावयास गेला. तेथे मित्रमंडळींनी सल्ला दिला की, पुढचे चक्र एका दाताने मोठे घे, मागचे तीन दातांनी लहान घे. गाडी वाऱ्यासारखी पळेल आणि पेट्रोलही वाचेल. मिस्त्रीनेही मान डोलावली. पुढे चौदाच्या जागी पंधरा आणि मागे बेचाळीसच्या जागी एकोणचाळीस दात बसले.

यातले गणित सातवीच्या मुलासही करता येईल. ४२ ला १४ ने भागले की ३ येतात. म्हणजे पुढचे लहान चक्र तीनदा फिरते तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. ३९ ला १५ ने भागले की २.६ येतात. समजा, एका विशिष्ट वेगाला इंजिन पूर्वी मिनिटाला ६,००० फेरे घेत होते. आता त्याच वेगाला त्याच गिअरमध्ये ५,२०० पुरतात. येथवर मित्रांचे म्हणणे खरे. पण इंजिनाचा जोर तेवढाच राहिला आणि चाकापर्यंत पोचणारी ओढ शंभरातील तेरा हिश्श्यांनी घटली, हे कोणी सांगितले नाही. शिवाय ही घट एका गिअरपुरती नव्हे. गिअरपेटीतून बाहेर पडलेली सारी ओढ याच दोन चक्रांमधून जात असल्यामुळे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक गिअर बदलतो.

सायकल आणि मोटारसायकल यांत एक गमतीचा भेद आहे. आमच्या जुन्या सायकलीस पुढे ४४ दात आहेत आणि मागे १८. मोठे चक्र पुढे, लहान मागे. मोटारसायकलीत नेमके उलटे. असे का? माणसाचा पाय संथ पण जोरकस. मिनिटाला साठ-सत्तर फेरे झाले की पुरे. लहान इंजिन हजारो फेरे मारते, पण प्रत्येक फेऱ्यात त्याचा जोर बेताचा. म्हणून पायाचे फेरे वाढवावे लागतात आणि इंजिनाचे घटवावे लागतात. साखळी येण्यापूर्वी ही सोयच नव्हती. एकोणिसाव्या शतकातील उंच चाकाच्या सायकलीत पायटे थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. वेग हवा तर चाक मोठे करावयाचे. पण ते स्वाराच्या पायाच्या लांबीपलीकडे कसे नेणार? १८८० मध्ये मँचेस्टरच्या हॅन्स रेनॉल्ड यांनी रोलरची साखळी तयार केली, १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली, आणि तेव्हापासून चाकाच्या उंचीऐवजी दात मोजून वेग ठरू लागला.

आता पुन्हा घाटाकडे. सपाटीवर आठ दिवस आमचा विद्यार्थी खूश होता. मग भरल्या गाठोड्यानिशी परतताना जो चढ तो दुसऱ्या गिअरमध्ये चढत असे, तेथे गाडी धापा टाकू लागली. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट दाबून, मागून येणाऱ्या मालमोटारींचे भोंगे ऐकत तो वर आला. असे काही फेरे झाल्यावर क्लचच्या प्लेटी जळाल्या आणि एका आठवड्याची कमाई त्यात गेली. परंतु आम्हांस अधिक भय वाटले ते उताराचे. पूर्वी खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरीत असे. तो आधार कमी झाल्यामुळे त्याला सारखा ब्रेक दाबून ठेवावा लागे, आणि खाली पोचेपर्यंत मागचा ड्रम हात लावू देत नसे. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींनी गणपती घाटात किती घरे बसविली, हे आपल्या जिल्ह्यात कोणास सांगावयास नको.

बरे, ज्यासाठी हा खटाटोप केला तो वेग तरी वाढला काय? शंभर सी. सी.च्या सामान्य गाडीत सात-आठ अश्वशक्ती असते. वेग दुप्पट केला तर हवा कापण्यासाठी जवळजवळ आठपट शक्ती लागते. त्यामुळे अखेरच्या गिअरमध्ये इंजिन आपल्या पुऱ्या शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही, आणि गाडी पूर्वीपेक्षा किंचित हळूच धावते. दात शक्ती निर्माण करीत नाहीत. ते केवळ वेगाच्या मोबदल्यात ओढ, किंवा ओढीच्या मोबदल्यात वेग देतात.

म्हणून कारखान्याने दिलेले आकडे ही काळ्या दगडावरची रेघ आहे असे आम्ही म्हणत नाही. धारहून पीथमपूरला रोज एकट्याने, बिनओझ्याने नोकरीस जाणाऱ्याला पुढे एक दात जास्त कदाचित मानवेल. इंजिन शांत चालेल, थोडे पेट्रोलही वाचेल. नालछ्यावरून मांडवाच्या चढावर दुधाच्या बरण्या नेणाऱ्याने मात्र पुढे एक दात कमी किंवा मागे तीन दात जास्त घ्यावेत. (पुढचा एक दात मागच्या सुमारे तिघांच्या बरोबरीचा, हे ताळा करून पाहावे.) साखळीच्या कड्या नेहमी सम असतात; पुढचे दात विषम असले तर तेच दात त्याच कड्यांशी वारंवार गाठ घालीत नाहीत व झीज सारखी वाटली जाते. या एका बाबतीत पंधराचे पारडे चौदापेक्षा जड, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पूर्वी आपल्याच पीथमपूरला तयार होणाऱ्या कायनेटिक होंडा स्कूटरमध्ये पट्टा आपोआप लहानमोठ्या व्यासावर सरकत असे, तेव्हा स्वाराला ही निवड करावीच लागत नसे. साखळीच्या गाडीत ती टळत नाही.

आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या रस्त्यासाठी आपले दात निवडण्याला. ज्या मित्रांनी सल्ला दिला, त्यांच्यापैकी एकानेही गाठोडे बांधून तो घाट चढलेला नव्हता. आमच्या वर्गातील मुलांना अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मोटारसायकल चालविण्याचा परवाना नाही. पण घरी थोरल्या भावाची गाडी "हळू पळते" म्हणून चिडविणारे तेच असतात, हे आम्ही कानांनी ऐकले आहे.

दिवाळीपूर्वी तो विद्यार्थी पुन्हा नवा संच बसवून आमच्या दारी आला. मागच्या चक्राला खडूची खूण करून आम्ही दोघांनी दात मोजले. मागे बेचाळीस, पुढे चौदा. आमची मातृभाषा कोंकणी. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकास आमची आजी "सवकास वच" म्हणत असे. तो निघाला तेव्हा आमच्या तोंडून तेच शब्द गेले. त्याला ते कळले की नाही कोण जाणे; गाठोड्याची दोरी आवळून तो गुजरीच्या रस्त्याला लागला.