बर्फावर जाण्याआधी पाय तयार करा

उन्हाळा तापू लागला की आपल्याकडची काही कुटुंबे गुलमर्गला जातात आणि तेथे प्रथमच स्की पायाला बांधतात. तयारी म्हणजे जाड कोट नि हातमोजे, असा समज असतो. कोट तेथे भाड्याने मिळतो. पायांतली ताकद मात्र इथूनच न्यावी लागते.

स्कीवर गुडघे सतत वाकलेले असतात. बैठे काम करणाऱ्यांच्या मांड्या लवकर थकतात, तोल जातो आणि गुडघा पिरगळतो. मार्चअखेर दुपारी बर्फ ओला व जड होतो, स्की त्यात अडकते. म्हणून निदान सहा आठवडे आधीपासून रोज अर्ध्या बैठका काढाव्यात, जिने चढावेत, सेमिनरी हिल्सचा चढ चालावा. धडे प्रशिक्षकाकडूनच व दुपारपूर्वी घ्यावेत. पाय थकले की थांबावे.

दुसरा प्रश्न उंचीचा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा वरचा टप्पा तर ३,९०० मीटरच्याही वर. पहिल्या दिवशी विश्रांती घ्या, वर जाण्याची घाई नको. डोकेदुखी, मळमळ वाढू लागली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ताबडतोब खाली उतरा व डॉक्टरांना गाठा. हृदयविकार, रक्तदाब, दमा वा मधुमेह असणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यामुळे ढगाळ हवेतही चांगला गॉगल लावावा. मुलांना तर तो हवाच.