गाडी यवतमाळात, चॉइस पुण्यात!

मंडळी, ईएमआय आपला, गाडी आई-बाबांची आणि सल्ला अख्ख्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा! पुण्या-मुंबईत बसून गावाकडच्या घरासाठी गाडी निवडणं हा आपल्या पिढीचा लाडका उद्योग आहे. सनरूफ आहे का? टचस्क्रीन केवढा? माझं माहेर यवतमाळचं, त्यामुळे हा सीन मी जवळून बघतेय. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारतच नाही. मे महिन्यात, रात्री दोन वाजता, कळंब आणि देवळीच्या मध्ये कुठेतरी ही गाडी बंद पडली तर?

फिल्मी वाटतंय? नाहीये. यवतमाळात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तरी मोठं दुखणं निघालं की कित्येक घरं सावंगी-सेवाग्राम, नाहीतर थेट नागपूर गाठतात. नागपूर म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. लाडकी शकुंतला रेल्वे बंद पडली आणि वर्ध्याहून निघालेली ब्रॉडगेज २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचली. अशा वेळी दारातली गाडी हीच अॅम्ब्युलन्स. म्हणून ‘फीचर्स’ नंतर, आधी भरवसा.

भरवसा ब्रोशरमध्ये छापलेला नसतो. तो बघायचा काळी-पिवळीच्या स्टँडवर. टाटा सुमो १९९४ ला आली आणि २०१९ ला बंद झाली; टोयोटा क्वालिस तर २००५ मध्येच गेली. पण त्यांची आठवण काढताना ड्रायव्हरमंडळींचा स्वर बघा, जुन्या मैत्रिणीबद्दल बोलावं तसा! कारण साधं होतं. सुरुवातीच्या त्या डिझेल इंजिनांत कॉम्प्युटर नव्हता. पाना, हातोडी आणि अनुभवी कान एवढ्यावर काम भागायचं. आजची कॉमन-रेल डिझेल इंजिनं जास्त ताकदवान आणि स्वच्छ आहेत, पण एखादा सेन्सर रुसला की मिस्त्रीला आधी स्कॅनर लागतो. घाटंजीकडच्या एका मिस्त्रीचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय : “ताई, गाडी कोनतीबी घ्या, पन तिचा पार्ट दुपारपर्यंत भेटला पायजे!”

या हिशेबाने बोलेरो अजूनही जोरात आहे. लॅडर फ्रेम, मागच्या चाकांना ताकद, काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावरही न लाजणारी. शेतावर रोज जाणं असेल तर बिनधास्त घ्या. पण टिकाऊ म्हणजे सुरक्षित नव्हे. तिची बहीण बोलेरो निओ हिला २०२४ च्या ग्लोबल एनकॅप क्रॅश टेस्टमध्ये एकच स्टार मिळाला. ज्यांच्या घरात दोन ज्येष्ठ माणसं, दत्त चौकापर्यंत भाजी आणि महिन्यातून एकदा नागपूर, एवढंच फिरणं आहे, त्यांनी माझ्या मते पेट्रोलवाली एर्टिगा किंवा वॅगन-आर बघावी. इनोव्हा दणकट आहे यात वादच नाही, पण वर्षाला आठ हजार किलोमीटरसाठी एवढे पैसे? छे!

आणि अशा घराने नवं डिझेल टाळावंच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी जाळी बसली, डीपीएफ म्हणतात तिला. ही काजळी जाळायला गाडी हायवेवर जरा वेळ सलग पळावी लागते. घर ते बाजार, बाजार ते घर केलं की जाळी तुंबते. त्यात आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे घरात ट्रॅक्टरचा ऑइलचा डबा उघडाच असतो, “त्यातलंच लिटरभर टाक ना!” डीपीएफवाल्या डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात ‘एसीईए सी-३’ वगैरे लिहिलेलं असतं. ट्रॅक्टरच्या ऑइलची राख त्या जाळीत साठत जाते, आणि राख काही जळून जात नाही. मग जाळी साफ करा नाहीतर बदला. बिल बघून बाबांचं बीपी वाढणार ते वेगळंच.

आता डब्यावरच्या आकड्यांचं कोडं. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा जितका लहान, तितकं इंजिन थंड असताना ऑइल पटकन वाहतं. दुसरा आकडा १०० अंशाला ते किती दाट राहतं ते सांगतो. इथे यवतमाळात ठरलेला डायलॉग ऐकू येतो, “आपल्याकडं पंचेचाळीस डिग्री ऊन, जाड ऑइल टाका.” ऐकायला पटतं ना? पण थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी साधारण ९० अंशांच्या आसपासच ठेवतो, बाहेर डिसेंबर असो की मे. जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० गोड लागायचं, कारण ते बनलंच त्यासाठी. नव्या पेट्रोल इंजिनातल्या बारीक वाटांना ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल हवं असतं. त्यात जाड ओतलं की गाडी सकाळी सुरू करताना वरच्या भागांपर्यंत ते उशिरा पोचतं, अॅव्हरेजही पडतं. पुस्तकात जो ग्रेड, तोच टाकायचा. बाकी सगळं एरंडाचं गुऱ्हाळ. (गंमत म्हणजे कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून आलंय!)

ग्रेडपेक्षाही जास्त घोळ होतो तो तारखेचा. “गाडी चाललीच कुठे? तीन हजार तर झाले!” असं बाबा म्हणतात. पण छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. धूळ आहेच, वणीकडे तर कोळशाचीही. सर्व्हिसच्या पुस्तकात मागे बारीक अक्षरात ‘सिव्हिअर कंडिशन्स’चा तक्ता असतो. तिथे दहा हजार किंवा वर्ष याऐवजी बऱ्याचदा पाच हजार किंवा सहा महिने लिहिलेले सापडतील. धूळ आणि छोट्या फेऱ्या दोन्ही त्या यादीत असतात. यवतमाळची गाडी त्याच तक्त्यावर चालवा आणि एअर फिल्टर दर वेळी उघडून बघायला सांगा.

दिवाळीला घरी गेलात की एवढं करा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचएक मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. डीपीएफवाल्या डिझेलमध्ये ती वर सरकलेली दिसली तर खूश होऊ नका, डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल बदलताना समोर उभे राहा, डब्याचं सील तुमच्यादेखत तोडायला लावा. आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्या, नाहीतर तोच पुन्हा भरून कुणाच्या तरी बाबांना विकला जाईल.