दानाची शिस्त कीं दानाची भीक?

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पैशाविषयीं उघड बोलणें हें आजहि कमीपणाचें मानलें जातें. पाप, पश्चात्ताप, तारण या विषयांवर तासतासभर बोलणारे आमचे पाळक मंडळीच्या तिजोरीचा विषय निघाला कीं एकाएकीं संकोचतात. पुढें छप्पर गळूं लागतें, विजेचें बिल थकतें, किंवा खुद्द पाळकाचाच दोन महिन्यांचा पगार राहतो, आणि मग हा संकोच एका रविवारांत नाहींसा होऊन त्याची जागा आर्जव घेतें. बोलावयाचें तेव्हां मौन, आणि मौन शोभलें असतें तेव्हां विनवणी, अशी ही उफराटी रीत आहे. तिच्याविरुद्ध चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ते कोणास कडू लागल्यास आमचा इलाज नाहीं.

या रीतीचें प्रदर्शन पाहावयाचें असेल तर कापणीच्या सणाचा लिलाव पाहावा. शेतकऱ्यानें कृतज्ञतेनें आणलेला भोपळा हातांत उंच धरला जातो, बोली चढत जाते, आणि शेवटीं तो पांचशें रुपयांस जातो. टाळ्या कोणासाठीं पडतात? भोपळा पिकविणाऱ्यासाठीं खचित नव्हे. पुढें नाताळ येतो, आणि वर्गणीदारांचीं नांवें रकमांसह व्यासपीठावरून वाचलीं जातात. अशाच एका प्रसंगीं, मोठमोठ्या आंकड्यांच्या पाठोपाठ, धुणींभांडीं करणाऱ्या एका वृद्ध बाईचें नांव दहा रुपयांसह वाचलें गेलेलें आम्हीं ऐकलें आहे. मागच्या बांकांवर कोणी तरी हंसलें. ती बाई पुढच्या रविवारीं आली नाहीं. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट ज्या मंदिरांत वर्षानुवर्षें सांगितली जाते, त्याच मंदिरांत हें घडावें, याहून कठोर टीका आम्हांस सुचत नाहीं.

दोष केवळ आजच्या पंचांचा आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले आणि १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, त्यांच्या कार्याचा पाया पडला. शाळा, मंदिरें, पगार हीं सर्व समुद्रापलीकडील वर्गणीवर चाललीं, आणि देऊळ हें आपण बांधावयाचें नसून आपल्याला कोणी तरी बांधून द्यावयाचें असतें, अशी समजूत दोन पिढ्यांत हाडींमाशीं खिळली. तथापि हा धोका त्या काळच्या शहाण्यांस दिसत नव्हता असें नाहीं. इंग्लंडांत हेन्री वेन आणि अमेरिकेंत रूफस अँडरसन यांनीं प्रत्येक देशांतील मंडळी स्वयंपोषित, स्वयंशासित आणि स्वयंप्रसारक असावी, असें तत्त्व त्याच शतकांत मांडलें. अँडरसन तर १८५४-५५ सालीं स्वतः हिंदुस्थानांत येऊन मराठी मिशनाचें काम पाहून गेले. तीन तत्त्वांपैकीं स्वशासन आम्हीं हौसेनें घेतलें, कारण त्यांत खुर्च्या असतात. स्वयंपोषण मात्र अजून उंबऱ्याबाहेर तिष्ठत आहे.

आतां तर परक्याच्या तोंडाकडे पाहण्याची सोयहि उरली नाहीं. परदेशी देणग्यांविषयींच्या कायद्यांत २०२० सालीं झालेल्या दुरुस्तीनें, अशी देणगी घेणाऱ्या संस्थेस ती दुसऱ्या संस्थेस वांटून देण्याची बंदी झाली. वरून झिरपत येणारें पाणी आटलें. मग पुष्कळांची दृष्टि मंडळीच्या जमिनीकडे वळते: कंपाउंडाचा एखादा तुकडा भाड्यानें द्यावा, एखादा विकावा. पूर्वजांचीं ताटें विकून केलेल्या जेवणास जर कोणी स्वावलंबन म्हणत असेल, तर शब्दांचे अर्थच बदलले असें म्हणावें लागेल.

यावर एक पक्ष म्हणतो, “दान हें अंतःकरणाच्या उमाळ्यानें व्हावें. अंदाजपत्रक, मासिक वचन, पाकिटें असल्या दुकानदारीनें भक्ति मरते.” हें बोलणें गोड आहे, पण तें शास्त्राच्याच विरुद्ध आहे. यरुशलेमेंतील गरिबांसाठीं वर्गणी जमवितांना पौलानें करिंथकरांस काय सांगितलें? प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें, म्हणजे आपण आल्यावर ऐन वेळीं गोळा करण्याची धांवपळ नको. ठरलेला दिवस, ठरलेलें प्रमाण आणि आगाऊ तयारी! याहून स्पष्ट योजना ती कोणती? शिवाय ती रक्कम नेतांना मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें त्यानें बरोबर घेतलीं, कीं कोणास बोट दाखवावयास जागा राहूं नये. प्रेषितास जी काळजी आवश्यक वाटली, ती आमच्या खजिनदारांस अपमानकारक वाटते, हें नवल होय. आणि उमाळ्याविषयीं म्हणाल तर, आई मुलास रोज वेळेवर जेवूं घालते. तिचें प्रेम नियमित आहे म्हणून तें खोटें ठरत नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो, “आमची मंडळी गरीब आहे.” गरीब आहे, हें खरें, पण गरिबांनीं काय केलें आहे तें पाहा. मिझोरमच्या डोंगरांतील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ बाजूस काढीत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर तेथील मंडळीचें मोठें कार्य चाललें आहे. इतकें दूर तरी कशास जावें? कर्मवीर भाऊराव पाटलांनीं खेड्यापाड्यांतील बायांच्या मुठीमुठीच्या धान्यावर वसतिगृहांतलीं मुलें जेवविलीं. अंताजीपंत काळ्यांच्या पैसाफंडांतून तळेगांवास १९०८ सालीं काचेचा कारखाना उभा राहिला. या सर्वांत दाते गरीबच होते. नियम मात्र श्रीमंत होता.

आतां हिशेब करूं. शंभर कुटुंबांची मंडळी धरा. त्यांतील साठ कुटुंबांनीं महिना शंभर रुपये, तिसांनीं तीनशें आणि दहांनीं हजार दिले, तर महिन्यास पंचवीस हजार, म्हणजे वर्षास तीन लाख रुपये होतात. उद्यां तीं दहा कुटुंबें रुसून गेलीं, तरी महिन्यास पंधरा हजार उरतात. मंडळी लंगडेल, पण मोडणार नाहीं. उलट जेथें नव्वद घरें थाळींत पडतील तीं नाणीं टाकतात आणि दोन-तीन धनिक प्रत्येक तूट भरून काढतात, तेथें पाळकानें त्या धनिकांच्या अन्यायाविषयीं तोंड कसें उघडावें? खरा प्रश्न छपराचा नाहीं. ज्याचा पैसा, त्याचें व्यासपीठ, हा व्यवहाराचा नियम आहे. व्यासपीठ सर्वांचें हवें असेल, तर पैसाहि सर्वांचाच असला पाहिजे.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें: वर्ष सुरू होण्यापूर्वीं पंचांनीं अंदाजपत्रक मंडळीपुढें ठेवावें, आणि त्यांतील पहिलीं कलमें पाळकाचा पगार व गरिबांचें साह्य हीं असावींत. प्रत्येक कुटुंबानें आपलें मासिक वचन बंद पाकिटांत द्यावें. रकमेसह नांव कोणाचेंहि वाचूं नये. दशांश हें प्रमाण म्हणून सांगावें, कर म्हणून वसूल करूं नये, आणि ज्याच्या घरीं आजार किंवा बेकारी आहे त्याचें वचन न विचारतां माफ असावें. आतां पुष्कळ ठिकाणीं दाराशीं क्यूआर कोडची पाटी लागली आहे. ती खुशाल असूं द्यावी. पण पाटीनें देण्याची सोय होते, संवय होत नाहीं.

शेवटीं सर्वांत महत्त्वाचें. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणें हिशेब तपासून घेऊन तो धर्मादाय आयुक्तांकडे पाठविण्याचें बंधन आहेच. पण सरकारास जो कागद दाखवावा लागतो, तो दात्यांस दाखविण्याची लाज कां वाटावी? दर तीन महिन्यांनीं जमाखर्च दाराशीं लावा. ज्या पंचांस हें जमत नसेल त्यांनीं दानावर उपदेश करूं नये. ज्या सभासदांस हिशेब मिळूनहि देववत नसेल, त्यांनीं पंचांवर टीका करूं नये. दोघांनींहि आपापली अर्धी लाज सोडली, तर ती वृद्ध बाई आपले दहा रुपये घेऊन पुन्हां पुढच्या बांकावर बसूं शकेल. ती ज्या मंदिरांत परत येत नाहीं, त्याचें छप्पर गळलें काय आणि न गळलें काय, सारखेंच!