सन्मान संचालकाचा, जबाबदारी समाजाची

कलावंताचा गौरव होतो तेव्हा त्याची कलाकृती लोकांसमोर असते. संग्रहालयाच्या संचालकाचे तसे नाही. त्याचे यश बहुतांशी न घडलेल्या गोष्टींत असते. चित्राला बुरशी लागली नाही, मूर्तीवर गंज चढला नाही, नोंदवहीतील वस्तू गहाळ झाली नाही, याची बातमी होत नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे माजी संचालक सदाशिव गोरक्षकर (१९३३–२०१९) यांना २००३ साली लाभलेली पद्मश्री म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. कलेच्या निर्मितीइतकेच तिचे जतन व व्यवस्थापन महत्त्वाचे आहे, याची ती पावती होती.

गोरक्षकर कलासमीक्षक होते. महाराष्ट्रातील राजभवनांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. विद्वत्ता आणि कारभार यांची सांगड घालणारी माणसे विरळा. पण केवळ माणसाच्या थोरवीवर संस्था चालत नाही. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयाचा कारभार विश्वस्त मंडळाकडे आहे. संचालकाला दीर्घकाळ एका धोरणाने काम करता येणे, हे अशा व्यवस्थेचे फळ असते.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम लागू पडतो. वस्तू एकदाच मिळवावी लागते. जतनाचा खर्च मात्र दरवर्षी करावा लागतो. नव्या इमारतीची कोनशिला बसते, उद्घाटन होते. अभिरक्षकाच्या वेतनाचे किंवा रासायनिक प्रक्रियेच्या तरतुदीचे उद्घाटन होत नाही. साहजिकच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तेथेच पडते.

कोल्हापूरकरांना हा प्रश्न परका नाही. ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तूंमधून १९४६ साली येथील संग्रहालय उभे राहिले आणि पुढे ते टाऊन हॉलमध्ये आले. ब्रह्मपुरीस सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराची साक्ष देते. गडमुडशिंगीसारख्या शहरालगतच्या गावातील विद्यार्थ्याला तो इतिहास पाहण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पण मूर्तीचा अर्थ उलगडून सांगणारा जाणकार नसेल, तर त्याच्या दृष्टीने ती धातूचा एक तुकडाच राहील. हा लाभ तिकिटाच्या उत्पन्नात मोजता येणार नाही.

शाळा, पाणी, दवाखाने यांची निकड असताना संग्रहालयांवर खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच गैरवाजवी नाही. तथापि रखडलेला रस्ता पुढील वर्षी होऊ शकतो. नष्ट झालेली मूर्ती कोणत्याही अंदाजपत्रकातून परत मिळत नाही. प्रशिक्षित व पूर्णवेळ अभिरक्षक, जतनासाठी निश्चित वार्षिक तरतूद आणि नोंदवहीतील वस्तूंची नियमित पडताळणी, एवढे प्रत्येक जिल्ह्यात झाले, तरच संचालकांच्या गौरवाला अर्थ राहील. शाल-श्रीफळ व्यक्तीला मिळते. तिचे कार्य पुढे चालविणे समाजाकडे येते.